टोमॅटोचं रोप काटक कसं करायचं

पुणे-सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोर मागं टाकलं की उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिका लागत जातात. त्यातली एक मी आणि माझे दीर चालवतो. आठवडाभर पुरंदर, दौंड, शिरूरकडचे शेतकरी पिकअप घेऊन येतात, रविवारी कोथरूड-औंधची मंडळी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी पाच-दहा रोपं न्यायला येतात. दोघांचाही हात आधी एकाच ट्रेकडे जातो: सगळ्यांत उंच, काळपट हिरवा, लुसलुशीत. मी दोघांनाही तो ट्रे नेऊ नका म्हणते. "ताई, पैसे तेवढेच घेता आणि बुटकी रोपं देता होय?" असं ऐकावं लागतं. म्हणून बुटकं रोप का घ्यायचं आणि ते मुद्दाम तसं कसं वाढवायचं, हे एकदा नीट लिहून काढते आहे. घरी ट्रे भरणाऱ्यांना आणि स्वतःची रोपं स्वतः करणाऱ्या शेतकऱ्यांना दोघांनाही हे करता येईल.

लागणीला तयार झालेलं टोमॅटोचं चांगलं रोप साधारण २५ ते ३० दिवसांचं असतं, १२ ते १५ सेंटिमीटर उंच, चार-पाच खरी पानं (बीजदलांनंतर येणारी) आलेलं. दोन पानांमधलं अंतर कमी असतं. खोड खाली जांभळट, लव असलेलं, दोन बोटांत दाबलं तर पिचत नाही. ट्रेमधून ओढलं की कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा अख्खा बाहेर येतो आणि त्याच्याभोवती पांढऱ्या मुळ्या दिसतात. मुळ्या तपकिरी झाल्या असतील, गोल गोल गुंडाळल्या असतील तर रोप ट्रेमध्ये फार दिवस राहिलंय. बुटकेपणा दोन तऱ्हेचा असतो हे लक्षात घ्या. उपासमारीनं खुजं राहिलेलं रोप पिवळट असतं, खालची पानं गाळतं. आपल्याला ते नको आहे.

पहिले दहा दिवस लाडच करायचे

काटक करायचं म्हणजे पहिल्या दिवसापासून हाल करायचे, असं काही नाही. बी रुजेपर्यंत आणि पहिलं खरं पान येईपर्यंत रोपाला काहीही कमी पडू देऊ नका. ९८ कप्प्यांचा ट्रे, धुतलेलं कोकोपीट (न धुतलेल्यात मीठ असतं, ते कोवळ्या मुळीला जाळतं), बी अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकनं झाकायचे. २५ ते ३० अंशांत तीन-चार दिवसांत कोंब वर यायला लागतात.

खरी घाई इथून पुढं आहे. कोंब दिसायला लागले की त्याच दिवशी ट्रे सुटे करून उजेडात मांडा. संध्याकाळी बघू, उद्या सकाळी बघू म्हणत ट्रे झाकून ठेवले तर अंधारात कोंब उजेड शोधत लांबतो, आणि एकदा लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. पुढची तीन आठवड्यांची मेहनत त्या एका रात्रीत निम्मी वाया जाते.

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्या दिवसांत हिरवं शेडनेट गुंडाळून ठेवा. ट्रे एकमेकांना खेटून ठेवू नका. रोपाला शेजारी कळतो: पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा गडद लाल प्रकाश आरपार सोडतं. त्यामुळं दाटीत वाढणाऱ्या रोपापर्यंत हा दुसरा प्रकाश जास्त पोचतो, आणि ते तेवढ्यावरून ओळखतं की आपल्यावर सावली येणार आहे. मग मुळी बाजूला ठेवून ते उंचीच्या मागं लागतं.

रोज हात फिरवा

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो भाग. रोप काटक करायचा सगळ्यांत स्वस्त आणि आपल्याकडं सगळ्यांत कमी वापरला जाणारा उपाय म्हणजे रोपांना रोज हलवणं.

नेटच्या आत वारा लागत नाही. वारा नाही म्हणून खोड जाड होत नाही. १९७३ मध्ये मॉर्डेकाय जॅफी या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं वेगवेगळ्या झाडांची खोडं रोज नुसती बोटांनी चोळली. झाडं बुटकी आणि जाड झाली. त्यानं या प्रकाराला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. पुढं भाजीपाल्याच्या रोपांवर याच गोष्टीचे बरेच प्रयोग झाले, कारण उंची आवरायला औषध वापरायला नको, ही सोय फार मोठी होती. टोमॅटो या उपायाला चांगला प्रतिसाद देतो.

करायचं कसं ते सांगते. रोपं पाच-सहा सेंटिमीटरची झाली, शेजारशेजारची पानं एकमेकांना टेकायला लागली की सुरुवात करा. आम्ही अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाला जुनं सुती लुगडं गुंडाळून शिवून टाकलंय. दोन बाजूंनी दोघींनी धरायचा आणि ट्रेंवरून असा ओढत न्यायचा की रोपांचे शेंडे वाकतील, पण मोडणार नाहीत. जातानाचा एक, येतानाचा एक, असे दहा फेरे दिवसातून एकदा. पाइप खाली-वर होऊ नये म्हणून वाफ्याच्या दोन्ही कडांना विटा लावून उंची बांधून घ्या, आणि रोपं वाढतील तशी विटांची थप्पी वाढवा. घरी चार ट्रे असतील तर तळहात पुरतो, किंवा टेबलफॅन मंद वेगावर तास-दोन तास लावा.

नियम थोडे आहेत, पण ते मोडायचे नाहीत. पानं ओली असताना हात लावायचा नाही. ओलं पान फाटतं आणि करप्याचे, जिवाणूंचे डाग एका रोपावरून सगळ्या ट्रेवर पसरतात. म्हणून सकाळचं पाणी होऊन पानं सुकली की मगच, साधारण दहा-अकराला. ट्रेमध्ये एक जरी पान चट्ट्यापट्ट्यांचं, वेडंवाकडं दिसलं तर तो ट्रे उचलून बाजूला, त्याच्यावरून पाइप फिरवायचा नाही. आणि तंबाखू मळलेल्या हातानं रोपांना शिवायचंच नाही. तंबाखूच्या पानातला मोझॅक विषाणू पुडीतल्या वाळक्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हातावरून टोमॅटोत जातो. आमच्याकडं दाराशी साबणाची वडी आणि पाण्याची बादली ठेवलेली असते, मावश्या हात धुतल्याशिवाय आत येत नाहीत. गिऱ्हाईकालाही मी तेच सांगते, मग तो कितीही मोठा बागायतदार असो.

हे हलवणं रोपं गाडीत चढेपर्यंत चालू ठेवायचं. बंद केलं की काही दिवसांतच रोप परत उंचीला लागतं. मधेच दोन दिवस गाळले तर नुकसान नाही, पण शेवटचा आठवडा गाळू नका.

आत काय घडतं ते कळलं तर हे काम मन लावून होतं. स्पर्श झाला की पेशींमध्ये कॅल्शियमची पातळी एकदम चढते, आणि त्यापाठोपाठ जास्मोनेट नावाचं संप्रेरक वाढतं. हेच जास्मोनेट अळीनं पान कुरतडलं की वाढतं. त्या बाबतीत तर टोमॅटो सगळ्या जगाचा गुरू ठरला. वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात क्लॅरन्स रायन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की बटाट्याचं किंवा टोमॅटोचं एक पान जखमी झालं की झाडाच्या दुसऱ्या पानांमध्येही अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात. ही बातमी एका पानाकडून दुसऱ्या पानाकडं जाते तरी कशी, हे शोधताना १९९१ मध्ये त्यांच्याच गटाला टोमॅटोच्या पानात सिस्टेमिन सापडलं, अवघ्या १८ अमिनो आम्लांचा तुकडा. २०१२ मध्ये ॲराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडावर प्रयोग झाला. वारंवार स्पर्श केलेली झाडं बुरशीला आणि अळीला जास्त तोंड देऊ शकली, आणि ज्या झाडांत जास्मोनेट बनतच नव्हतं ती झाडं स्पर्शानं बुटकीही झाली नाहीत. म्हणजे खोड जाड होणं आणि झाड सावध होणं यांची मुळं बरीचशी एकच आहेत. मला हे फार मोठं वाटतं. ज्याला पाय नाहीत, पळून जाता येत नाही, त्यानं आपल्या अंगातच सगळी तयारी करून ठेवलेली असते. आपण फक्त ती जागी करायची.

पाण्याचा ताण

तिसऱ्या आठवड्यापासून पाणी आवरायला घ्या. बंद करू नका, आवरा. शेवटच्या चार दिवसांत पाणी तोडून रोपं 'हार्डनिंग' केली, म्हणजे काटक केली, म्हणणारे खूप आहेत. त्यानं रोप काटक होत नाही, नुसतं सुकतं. ताण द्यायचा, मग पाणी द्यायचं, मग पुन्हा ताण, अशी आवर्तनं हवीत. मुळाशी ओल कमी झाली की रोपात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटतात. वनस्पतींमध्ये अशा ताणाची आठवण राहते, हे आता प्रयोगांनी दाखवलं आहे: एकदा कोरड सोसलेलं झाड दुसऱ्या वेळी पाणी जास्त जपून वापरतं.

किती ताण ते पानं सांगतात. आधी पानाची चकाकी जाते, रंग किंचित राखाडी वाटतो. मग कडा वर वळतात. मग रोप मान टाकतं. चकाकी गेली की पाणी द्यायची वेळ झाली. मान टाकेपर्यंत थांबायची सवय लावू नका. दुसरी खूण ट्रेचं वजन. सकाळी पाणी दिल्यावर ट्रे उचलून बघा, दुपारी तीनला परत उचला. आठवडाभर हे केलं की हाताला कळायला लागतं, मोजमाप लागत नाही.

ट्रेच्या कडेचे कप्पे आतल्यांपेक्षा खूप आधी वाळतात. सगळ्या ट्रेला सारखं पाणी दिलं तर कडेच्या रोपांना जास्त ताण बसतो आणि मधल्यांना काहीच बसत नाही. एक दिवसाआड ट्रे फिरवून ठेवा आणि झारीनं कडेला वेगळं पाणी द्या. कंटाळवाणं काम आहे, पण एकसारखा प्लॉट हवा असेल तर याला पर्याय नाही.

फेब्रुवारी-मार्चच्या लागणीसाठी रोपं करत असाल, म्हणजे नारायणगाव-जुन्नरकडचा उन्हाळी टोमॅटो, तर पाण्याचा ताण हलका ठेवा आणि उन्हाची सवय जास्त लावा. पहिले दोन दिवस सकाळी दहापर्यंत शेडनेट उघडं, मग बारापर्यंत, पुढं दिवसभर, असे सहा-सात दिवस. थोडी थोडी उष्णता सोसलेलं रोप पेशीतली प्रथिनं सांभाळणारी खास प्रथिनं तयार करून ठेवतं, त्यामुळं पुढं पारा चाळिशीजवळ गेला तरी तग धरतं. एका झटक्यात उन्हात काढलं तर पानावर पांढरे भाजल्याचे डाग पडतात.

इथं एक गोष्ट ठळक सांगते. उघडायचं ते शेडनेट. किडी अडवणारं पांढरं इन्सेक्ट नेट उघडायचं नाही. हार्डनिंग म्हणून रोपं आठवडाभर उघड्या रानात ठेवली तर पांढरी माशी आणि फुलकिडे त्यांच्यावर बसून जातात, आणि पर्णगुच्छ, स्पॉटेड विल्टसारखे विषाणू रोपाबरोबर फुकट शेतात पोचतात. २०२० च्या उन्हाळ्यात नगर-पुणे पट्ट्यात फळांवर तीन रंगांचे पट्टे येऊन प्लॉटच्या प्लॉट वाया गेले, लोकांनी त्याला 'तिरंगा व्हायरस' म्हटलं. ते दिवस पाहिलेला माणूस नेट उघडं टाकत नाही. काटक केलेलं रोप विषाणूला काटक नसतं, त्यासाठी ४०-५० मेशचं (इंचाला तेवढी छिद्रं असलेलं) नेटच लागतं.

खत आणि औषधं

फार लिहीत नाही. पहिल्या खऱ्या पानानंतर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, चार-पाच दिवसांनी एकदा. युरिया नको. शेवटच्या आठवड्यात नत्र बंद, एकदा ००:००:५० हे पालाशाचं खत लिटरला एक ग्रॅम, बस्स.

उंची आवरायला काही जण क्लोरमेक्वाट किंवा पॅक्लोब्युट्राझोल मारतात. रोप ट्रेमध्ये छान ठेंगणं दिसतं, विकायला सोपं जातं. पण पॅक्लोब्युट्राझोल लवकर उतरत नाही. मात्रा जरा इकडची तिकडं झाली की शेतात गेल्यावरही झाड वाढायचं नाव घेत नाही, आणि शेतकरी बिचारा खतं ओतत बसतो. रोप विकत घेताना हे वापरलंय का, ते सरळ विचारा.

सॅलिसिलिक आम्लाबद्दल बरेच जण विचारतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घेवड्याच्या आणि टोमॅटोच्या रोपांना सॅलिसिलिक आम्ल किंवा ॲस्पिरिन बियाण्यातून वा मुळाशी दिलं, तेव्हा ती उष्णता, थंडी आणि कोरड तिन्ही जास्त सोसू शकली. तीव्रता होती ०.१ ते ०.५ मिलिमोलर. आपल्या भाषेत सांगायचं तर सॅलिसिलिक आम्ल लिटरला १४ ते ७० मिलिग्रॅम. हे फार थोडं आहे, चिमटीनं मोजायचं काम नाही, सोनाराकडच्यासारखा काटा लागतो. पाण्यात ते सहज विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा. करायचंच असेल तर आधी एकाच ट्रेवर करा. पण हलवणं, पाणी आणि उजेड ही तीन कामं नीट होत नसतील तर याच्या वाटेला जाऊ नका.

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मात्र कोकोपीटमध्ये पहिल्याच दिवशी मिसळा, रोपमर कमी होते. मायकोरायझा या मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीचंही तसंच, ती मुळाजवळच असायला हवी. २०१० मध्ये चिनी संशोधकांनी शेजारशेजारची टोमॅटोची झाडं या बुरशीच्या धाग्यांनी जोडलेली ठेवली आणि एकाला करपा दिला. दुसऱ्याला रोग लागलेला नसतानाही त्यानं आपली संरक्षणाची प्रथिनं वाढवली.

पावसाळ्यातल्या लागणीसाठी

जून-जुलैत काळ्या रानात लावायचं असेल तर पुढं येणारा ताण कोरडीचा नाही, पाणी तुंबण्याचा आहे. मुळाशी हवा संपली की मुळ्यांत तयार झालेला एक पदार्थ खोडातून वर चढतो आणि पानात त्याचं इथिलीन होतं. मग पानं देठापासून खाली झुकतात. १९८० च्या सुमाराला कॅलिफोर्नियात हे टोमॅटोवरच उलगडलं गेलं. शेतकऱ्याला वाटतं रोप सुकलं, आणि तो ड्रिप सोडतो. खाली झुकलेलं पान हाताला ताठ लागत असेल तर पाणी देऊ नका, चर काढून द्या. सुकलेलं पान मऊ, लुळं लागतं. एवढा फरक ओळखला तरी बरीच रोपं वाचतात.

दरवर्षी पाणी साचणाऱ्या रानासाठी वांग्याच्या खुंटावर कलम केलेलं टोमॅटो हा चांगला मार्ग आहे. तैवानमधलं जागतिक भाजीपाला केंद्र ईजी २०३ सारखे वांग्याचे खुंट याचसाठी सुचवतं, ते जिवाणूजन्य मरही सोसतात. रोप महाग पडतं, पण ज्याची लागण दर पावसाळ्यात कुजते त्याला ते परवडतं. आणि हो, आपल्याच जिल्ह्यात, बारामतीजवळ माळेगावला, २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. कोरड, क्षार, उष्णता हाच तिथला अभ्यासाचा विषय. कृषी विज्ञान केंद्रांच्या शिवारफेऱ्यांना जातो तसं तिथंही जात जा, माती-पाण्याचे प्रश्न घेऊन जा.

लागणीचा दिवस

आदल्या संध्याकाळी ट्रे भरपूर भिजवा. इतके दिवस ताण दिला म्हणून लागणीच्या दिवशीही कोरडंच रोप लावायचं, असं नाही. रानाला वाफसा हवा, बेड आदल्या दिवशी ड्रिपनं ओला केलेला हवा. ऊन कलल्यावर चारनंतर लावा. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेल्यावर मुळ्या फुटतात, म्हणून बिनकलमी रोप पहिल्या पानांपर्यंत खोल लावलं तर फायदाच होतो. कलमी रोपाचं उलट: जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या टोमॅटोला मुळ्या फुटतात आणि खुंटासाठी मोजलेले पैसे वाया जातात. बेडवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरच्या भोकाची कड खोडाला लागू देऊ नका. दुपारी तापलेला पेपर कोवळं खोड चिरतो, जाड खोड ते बरंच सोसतं.

गच्चीवाल्यांसाठी: घरी नेल्या नेल्या कुंडीत लावून दक्षिणेच्या कठड्यावर ठेवू नका. आमच्या नेटमधलं ऊन आणि तुमच्या गच्चीच्या फरशीवरून उलटं येणारं ऊन यांत फरक आहे. चार दिवस सकाळचं ऊन लागेल अशा जागी ठेवा, मग हलवा.

लावल्यावर खालचं एखादं पान पिवळं पडलं तर घाबरू नका. पाच-सहा दिवसांत शेंड्याला फिकट हिरवी नवी फूट दिसली पाहिजे. दिसली नाही तर एक रोप उपटून गोळा बघा. मुळ्या कोकोपीटच्या बाहेर आलेल्या नसतील तर बहुतेक वेळा गोळ्याभोवती पोकळी राहिलेली असते. बोटांनी माती दाबून घ्या आणि थोडं पाणी सोडा.

नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला शेकडा पाच रोपं जास्तीची नेता, ती बांधावर सावलीत टाकून ठेवू नका. आठवड्यानं तुम्ही ती लावाल तेव्हा ती लांबट, मऊ झालेली असतात, आणि शेजारच्या रोपांच्या मागं पडतात ती कायमचीच. तो ट्रे उन्हात, पण नेटखाली ठेवा, पाण्याची तीच आवर्तनं चालू ठेवा, आणि शेतावर जाल तेव्हा त्याच्यावरून रोज दहा वेळा हात फिरवा.